पॅरिसचे कॅफे आणि रीफचे डोंगर

दोन महायुद्धांमधल्या पॅरिसचे आमच्या मराठी साहित्यिकांना भारी कौतुक. हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड, त्यांचे कॅफे, त्यांचे स्वातंत्र्य! या कौतुकाला आमचा आक्षेप नाही, त्याच्या अर्धवटपणाला आहे.

त्याच वर्षांत मोरोक्कोच्या रीफ डोंगरात अब्दुल करीम खत्ताबी परकीय सत्तेशी झुंजत होता. १९२१ साली त्याने अन्वालला स्पेनच्या फौजेचा धुव्वा उडवला. स्पेनने रीफच्या खेड्यांवर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. १९२५ मध्ये फ्रान्सही युद्धात उतरला. त्याच्या बाजूने अमेरिकन वैमानिकांच्या एका भाडोत्री पथकाने शेफशावेन शहरावर बॉम्बफेक केली. पथकाचा प्रमुख चार्ल्स स्वीनी हा हेमिंग्वेचा मित्र होता.

मे १९२६ मध्ये अब्दुल करीम शरण गेला; त्याला रीयुनियन बेटावर हद्दपार केले गेले. जुलैत पॅरिसमध्ये थाटामाटाने मशिदीचे उद्घाटन झाले. ऑक्टोबरमध्ये हेमिंग्वेची 'द सन ऑल्सो राइझेस' ही कादंबरी आली. तिच्यातली मंडळी पॅरिसहून स्पेनला बैलांच्या झुंजी पाहायला जातात. तिन्ही घटना एकाच वर्षाच्या. आमच्या अभ्यासकांना शेवटची तेवढी तोंडपाठ!

'त्या काळी हे कुणाला कळत होते?' अशी सबब सांगितली जाते. ती खोटी आहे. १९२२ मध्ये थ्रेसमधल्या ग्रीक निर्वासितांचे हाल याच हेमिंग्वेने टोरांटोच्या वृत्तपत्रासाठी जिवंतपणे लिहिले होते. जुलै १९२५ मध्ये फ्रेंच लेखक आंरी बार्ब्यूस याने रीफच्या युद्धाविरुद्ध जाहीर आवाहन केले होते. आणि व्हिन्सेंट शीन हा तरुण अमेरिकन बातमीदार तर १९२५ मध्ये जीव धोक्यात घालून थेट रीफमध्ये शिरला, अब्दुल करीमला भेटला. पुढच्याच वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिले. हाच शीन ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात होता. गांधीजींची हत्या त्याच्या समोर झाली.

परदेशी बातमीदार मुसलमानांविषयी खोटेनाटे लिहितात, ही तक्रार आपल्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. तक्रार रास्त आहे. पण जो डोंगर चढून गेला, त्या शीनचे पुस्तक आपल्या किती वाचनालयांत आहे? त्याचा मराठी अनुवाद व्हावा, असे किती जणांना वाटते? खोटे लिहिणाऱ्यांची यादी आपण जपतोच. खरे लिहिणाऱ्यांची यादीही आपणच करायला हवी. तिची वाट दुसऱ्यांकडून पाहण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.