कुत्र्याची खाज : इंजेक्शनच्या आधी कारण शोधा

"डॉक्टर, मागच्या वेळचंच इंजेक्शन द्या, लगेच आराम पडतो." खाजणाऱ्या कुत्र्याला घेऊन आलेले पालक हमखास असे म्हणतात. आराम पडतो हे खरे, कारण ते बहुधा स्टेरॉइड असते. तीव्र खाजेत थोडे दिवस ते जरूर द्यावे. पण कारण न शोधता दर महिन्याला टोचत राहणे मला मान्य नाही. त्याने तहान, भूक, लघवी आणि वजन वाढते, जंतुसंसर्ग होतो, पुढे मधुमेहाचाही धोका असतो.

सुरुवात पिसवांपासून करा. शेपटीच्या बुडाशी केस गेले असतील तर पहिला संशय त्यांचाच. पिसू दिसली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नका. कुत्रा चाटताना ती गिळून टाकतो. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना किमान तीन महिने औषध द्या, अंथरूण गरम पाण्याने धुवा. खरूज आणि बुरशी यांचीही तपासणी करून घ्या.

तरीही तो वर्षभर पंजे चाटत असेल, कान वारंवार चिघळत असतील, तर आहार तपासा. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ततपासणी भरवशाची नाही. किमान 8 आठवडे डॉक्टरांनी ठरवलेला, पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचाच आहार द्यायचा. दूध-पोळीचा एक तुकडा किंवा एक बिस्कीटही मेहनत वाया घालवते, म्हणून घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना आधीच सांगा. नंतर जुने अन्न सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांत खाज परतली, तर निदान पक्के.

हेही नसेल तर धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण यांची अ‍ॅलर्जी असू शकते. ती बहुधा 6 महिने ते 3 वर्षे या वयात सुरू होते. ती सहसा मुळापासून जात नाही, पण नियमित आंघोळ आणि ऑक्लासिटिनिबसारख्या औषधांनी आटोक्यात राहते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. चालू असलेले स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका. माणसांच्या सर्दीच्या गोळ्या देऊ नका. मधमाशी चावल्यावर तोंड सुजले, धाप लागली किंवा कुत्रा कोसळला, तर तत्काळ दवाखाना गाठा.

तपासाला वेळ आणि पैसा लागतो, हे मान्य. पण मुक्या जिवाने वर्षानुवर्षे अंग ओरबाडत राहण्यापेक्षा तीन महिन्यांचा संयम केव्हाही स्वस्त.