वाचनालयाच्या वेबसाइटवर रमी, आणि आपण म्हणतोय "फेसबुक पेज आहे ना!"

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात एका मित्राचा रात्री फोन आला. त्याची मुलगी पुण्यात शिकते. तिला कॉलेजच्या कामासाठी आपल्या वाचनालयाच्या वेबसाइटवरचा एक लेख हवा होता, आपल्या भागात द्राक्षाच्या पहिल्या बागा कशा लागल्या त्यावरचा. तिनं पत्ता टाकला तर ऑनलाइन रमीचं दुकान उघडलं. वडिलांना फोन करून म्हणाली, "बाबा, वाचनालयानं हा कसला धंदा सुरू केला?"

धंदा वाचनालयानं नाही केला. झालं ते असं. वेबसाइट करून देणाऱ्यानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतला होता. आपण दरवर्षी नऊ हजार त्याला देत होतो आणि पावती फायलीला लावत होतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी दुकान गुंडाळलं, फोन बंद. डोमेनची मुदत संपली, कुणी भरली नाही, कुणीतरी परदेशात बसून तो पत्ता उचलला. आपल्या नावाची पुण्याई त्याला फुकटात मिळाली.

आणि आतला मजकूर? एकशे चाळीसच्या वर लेख होते. गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांनी सांगितलेलं, बंद पडलेल्या नाटक मंडळाची हकिगत. लिहिणाऱ्यांपैकी तिघं आता हयात नाहीत. इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या प्रतींमधून मी दोन रात्री जागून एकसष्ट लेख बाहेर काढले. बाकीचे गेले. कायमचे गेले.

मी त्या दुकानदाराला शिव्या घालायला ही पोस्ट लिहीत नाहीये. त्याच्याबद्दल काय बोलायचं, तो गेला. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे हे कळल्यावर आपल्यातला एक तरी माणूस रात्री झोपेल का? बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात इथं. आणि संस्थेचा पत्ता, संस्थेचं दप्तर कुणाच्या नावावर आहे हे आठ वर्षांत एकाही कार्यकारिणीनं विचारलं नाही. मी स्वतः त्यातली तीन वर्षं कार्यकारिणीत होतो. मीही विचारलं नाही. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच वाचनालयासमोर आपण पेढे वाटले. फोटोत मीही आहे. त्या दिवशी वेबसाइट चालू होती का, हे कुणी उघडून बघितलं होतं?

आता बैठकीत काय उत्तर आलं ते ऐका. "वेबसाइट कशाला पाहिजे आता, फेसबुक पेज आहे ना." हे म्हणणाऱ्यांचं वय तीसच्या आत असतं तर समजून घेतलं असतं. पण आपण सगळ्यांनी ऑर्कुट बघितलंय की! ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये याहूचं जिओसिटीज गेलं, २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं, २०२० संपता संपता याहू ग्रुप्स गेले. परदेशातल्या मराठी मंडळांच्या कितीतरी चर्चा त्या ग्रुप्सवर होत्या. कंपनीनं आधी नोटीस दिली होती, बरोबर आहे. पण नोटीस वाचून सामान हलवायला घरात माणूस लागतो. उलट बाजूला बघा, मायबोली १९९६ पासून स्वतःच्या पत्त्यावर उभी आहे आणि अजून उघडते.

(हो, मी हे फेसबुकवरच लिहितोय. तुम्ही इथं आहात म्हणून. बाजार चौकात भरतो म्हणून घराची कागदपत्रं कुणी चौकात ठेवत नाही.)

एकट्यानं लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. कविता लिहिणाऱ्या एखाद्या सरांनी गूगलच्या ब्लॉगरवर फुकटात लिहावं, अधूनमधून मजकूर उतरवून घ्यावा, विषय संपला. माझं भांडण संस्थांशी आहे. वाचनालय, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, नाट्य मंडळ, तालुक्याचा इतिहास गोळा करणारा गट. यांच्याकडे सामायिक ठेवा आहे आणि तो कुणा एकाच्या पासवर्डवर लटकलेला आहे.

मग काय करायचं? मी केलं ते सांगतो.

एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. दोन जीबी मेमरीचा. महिन्याला हजाराच्या आत. त्यावर आता सहा ब्लॉग चालतात: वाचनालयाचा, दोन शाळांचे, आणखी तिघांचे. हे सगळं कंटेनरमध्ये आहे. कंटेनर म्हटलं की लोक घाबरतात, पण निफाड पट्ट्यात कंटेनर कुणाला शिकवायचा? द्राक्षं पॅकहाउसमध्ये भरली, दार बंद केलं, की तो डबा ट्रेलरवरून न्हावा-शेव्याला जातो, जहाजावर चढतो, रॉटरडॅमला उतरतो. वाटेत कुणी आतली पेटी उघडून दुसऱ्या पेटीत भरत नाही. ट्रेलर बदलला, जहाज बदललं, तरी डबा तोच. सॉफ्टवेअरचंही तसंच. वर्डप्रेस, त्याला लागणारी पीएचपीची नेमकी आवृत्ती आणि बाकीचं सटरफटर एका डब्यात बंद. यासाठीचं डॉकर हे साधन २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, फुकट आहे, आणि आता त्यात नवलाचं काही राहिलेलं नाही.

आमच्या मांडणीत सगळ्यात पुढे एक दारवान आहे, कॅडी नावाचा वेब सर्व्हर. कोणत्या पत्त्यावर आलेला माणूस कोणत्या डब्याकडे पाठवायचा हे तो बघतो. पत्त्यापुढच्या कुलपाचं प्रमाणपत्रही तोच लेट्स एन्क्रिप्टकडून आणतो आणि मुदतीआधी नवं करतो, फुकटात. आपला तो दुकानदार याच प्रमाणपत्राचे वर्षाला दीड हजार वेगळे लावायचा! मागे प्रत्येक ब्लॉगचा स्वतंत्र डबा, आणि सगळ्यांत मिळून एक मारियाडीबी. प्रत्येक ब्लॉगला त्यात वेगळा डेटाबेस, वेगळा पासवर्ड. एका शाळेच्या ब्लॉगवर जुन्या प्लगिनमधून घाण शिरली तर ती शेजारच्या ब्लॉगच्या फायलींपर्यंत सहजी पोचत नाही. पूर्वी एकाच खात्यात सहा फोल्डर करून सहा साइट चालवायचो तेव्हा एकीला लागण झाली की सहाही आजारी. सहजी म्हटलं, कारण सगळे डबे खाली एकच लिनक्स कर्नल वापरतात. भिंत आहे, पण तटबंदी नाही. कुणी "एकदम सेफ" म्हणून विकत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

ही सगळी मांडणी एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते, कंपोज फाइल म्हणतात तिला. आमची शंभर ओळींच्या आत आहे. माझा सगळा आग्रह या फाइलसाठी आहे. त्या दुकानदाराच्या डोक्यात जे होतं ते आता कागदावर आहे. वाचनालयाच्या कपाटात तिची छापील प्रत ठेवली आहे, मालमत्ता रजिस्टरच्या शेजारी.

आता माझ्या चुका. पहिल्याच महिन्यात डबा बदलला आणि शाळेनं चढवलेले स्नेहसंमेलनाचे फोटो उडाले. कारण डब्याच्या आत लिहिलेलं डब्याबरोबर जातं. ठेवायचं ते बाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवावं लागतं, आणि मी अपलोडचा फोल्डर बाहेर जोडायला विसरलो होतो. फोटो शिपायाच्या मोबाइलमध्ये होते म्हणून वाचलो. दुसरी चूक जास्त वाईट. मी सर्व्हरवर यूएफडब्ल्यूची भिंत लावून निश्चिंत बसलो, आणि डेटाबेसचा पोर्ट कंपोज फाइलमध्ये उघडा लिहिला होता. डॉकर असा पोर्ट उघडतो तेव्हा यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून उघडतो. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं. ती ओळच काढून टाकली. डब्यांना आपसात बोलायला तिची गरज नसते. तिसरं म्हणजे लॉग. सांगितलं नाही तर ते वाढतच राहतात. एका सकाळी डिस्क भरून सहाही ब्लॉग आडवे. आता मर्यादा घातली आहे.

या चुका मुद्दाम सांगितल्या, कारण "पाच मिनिटांत सर्व्हर" असे व्हिडिओ बघून पोरं उड्या मारतात. उभं करायला एक दुपार लागते. सांभाळायला महिन्याला दोन-तीन तास, आणि ते चुकवून चालत नाही.

बॅकअपबद्दल मात्र मी हट्टी आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली. ज्यांची बॅकअपची प्रतही तिथंच होती त्यांच्या हाती राख आली. आमचा डेटाबेस आणि फायली रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या जागेवर जातात, आणि दर रविवारी एक प्रत माझ्या घरच्या डिस्कवर. तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या मशीनवर ती प्रत उघडून बघतो. पहिल्यांदा उघडली तेव्हा सगळं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन आलं होतं, कारण डंप चुकीच्या अक्षरसंचात काढला होता. इंग्रजी साइटवाल्याला ही चूक वर्षभर कळली नसती. आपल्याला कळायलाच हवी, कारण एकदा अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं की त्यातून अक्षर परत निघत नाही.

दोन्ही बाजूंचे शहाणे भेटतात. एक म्हणतो, "एवढा खटाटोप कशाला, वर्षाचं शेअर्ड होस्टिंग घ्या." घ्या ना! डोमेन संस्थेच्या नावावर असेल आणि बॅकअप तुमच्या हातात असेल तर माझं काही म्हणणं नाही. दुसरा, नाशकात आयटीत असलेला, म्हणतो कुबरनेटीसच पाहिजे. सहा ब्लॉगांना? एका गाईसाठी चिलिंग प्लांट घालतोस का रे बाबा?

खरा प्रश्न विचारला तो आमच्या ग्रंथपाल ताईंनी. "दादा, उद्या तुम्ही नसलात तर?" याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. कारण तोपर्यंत मीही त्या दुकानदारासारखाच होतो, फक्त फुकट. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बारावीच्या दोन मुलांना बसवलं. त्यांना कंपोज फाइल दिली, बॅकअप दिला, एक कोरा सर्व्हर दिला आणि मी बाहेर जाऊन बसलो. मला एकदाच हाक मारली, तीही पासवर्डची फाइल कुठं ठेवायची ते विचारायला. संध्याकाळी पाचच्या आत वाचनालयाचा ब्लॉग दुसऱ्या सर्व्हरवर उघडला. त्या मुलांपैकी एकीचे आजोबा त्या तिघा लेखकांतले एक. तिनं त्यांचा लेख पहिल्यांदा तिथं वाचला.

तर आता मागणी. येत्या सर्वसाधारण सभेत चार ठराव मांडतोय, अनुमोदक हवेत. नवं डोमेन वाचनालयाच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घ्यायचं. .भारतचा देवनागरी पत्ताही सोबत घ्यावा असं मला वाटतं, त्यावर चर्चा करू. पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्ष आणि ग्रंथपाल दोघांकडे. सर्व्हरचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत, वर्गणीवर नाही. आणि सांभाळायला दोन माणसं, त्यातला एक मी नसलेला.

उरलेल्या ऐंशी लेखांपैकी काही कुणाच्या घरी कात्रणात, वहीत, जुन्या पेन ड्राइव्हमध्ये असतील. शोधा आणि वाचनालयात आणून द्या. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, टाइप करायला मुलं तयार आहेत. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद.