खेळाच्या नियमातून आलेली कादंबरी

लोकप्रिय कादंबरीवरील आपल्या प्रबंधात खेळाधारित कादंबऱ्यांचे एक प्रकरण असावे, अशी माझ्या एका विद्यार्थ्याची इच्छा होती. समितीने ते वगळावयास लावले. कारण असे सांगण्यात आले की, या लेखनातील विश्व लेखकाचे नसून उसने आहे. मोरोपंतांचे आर्याभारत शिकविताना मात्र हा आक्षेप आपल्याला कधी सुचत नाही.

विद्यार्थ्यापुढे 'शॅडोरन' हा खेळ होता. शिकागोच्या फासा कंपनीने तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण प्रसंग सांगत जातो आणि कृतीचे फळ फासे ठरवितात. विल्यम गिब्सन यांच्या 'न्यूरोमॅन्सर'ने (१९८४) रूढ केलेले सायबरपंक विश्व येथे आहे: शासनाहून बलाढ्य कंपन्या, शरीरात बसविलेली यंत्रे, संगणकजालातील चोऱ्या. त्यात भर म्हणून जादू परतलेली आहे. सिअ‍ॅटल शहरात ड्रॅगनही वावरतात. हे मिश्रण प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या खेळातील एक नियम समीक्षकाने लक्षपूर्वक वाचावा. प्रत्येक पात्राजवळ आरंभी सहा अंक 'सत्त्व' असते. शरीरात यंत्र बसविले की ते घटते, त्याबरोबर जादूचे सामर्थ्यही घटते. सत्त्व संपले की मृत्यू. सामर्थ्यासाठी माणूसपण किती विकावे, हा सायबरपंकचा मध्यवर्ती प्रश्न येथे चक्क आकडेमोडीत मांडलेला आहे. खेळणाऱ्याला तो कागदावरचा हिशेब पुरतो. कादंबरीला तो पुरत नाही. तेथे त्या अंकाचे अनुभवात रूपांतर व्हावे लागते.

खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेले रॉबर्ट शॅरेट यांच्या 'नेव्हर डील विथ अ ड्रॅगन' (१९९०) या कादंबरीत हे काही अंशी साधले आहे. रेनराकू कंपनीचा नोकर सॅम व्हर्नर तर्कनिष्ठ आहे, संगणकजालात वावरणारा आहे. आणि आपण शामान आहोत हे त्याला मानवतच नाही. नियमातील यंत्र आणि जादू यांचे वैर येथे स्वभावातील संघर्ष होऊन येते. याउलट टोळीत एक लढवय्या, एक मांत्रिक व एक संगणकचोर हवाच, ही खेळाची गरज या प्रकारच्या कादंबऱ्यांत वारंवार साचा होऊन बसते. चकमकींची वर्णने तर मला कंटाळवाणीच वाटली.

खरा भेद उसनेपणाचा नाही, मालकीचा आहे. महाभारताला धनी नव्हता. मोरोपंतांना कोणाची परवानगी काढावी लागली नाही. शॅडोरनचे विश्व कंपनीच्या मालकीचे होते, आणि २००१ मध्ये फासाने आपला कारभार आवरता घेतला तेव्हा त्या विश्वाचे हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले. लेखकाचे स्वातंत्र्य कोठवर पोचते, हे त्या गाळलेल्या प्रकरणात तपासावयाचे होते.