शमक आहे, पण पुरेसा आहे का?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीस खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कोसळला. तेव्हा वारा ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने वाहत होता. नुसता दाब मोजला तर याहून बराच जोरदार वारा पुलाने सोसला असता. त्याचे हेलकावे आधीपासून ठाऊक होते. ते आवरण्यासाठी केबल बांधल्या होत्या, द्रवाचे शमकही बसवले होते. तरीही पूल पडला.

पाठ्यपुस्तके याचे कारण ‘अनुनाद’ असे एका शब्दात देतात. ते अपुरे आहे. पूल पिळवटू लागला तसा तोच वाऱ्यातून ऊर्जा ओढू लागला. आणि शमन जितकी ऊर्जा जिरवत होते, त्याहून अधिक आत येत राहिली.

गणितज्ञ नेमक्या याच चढाओढीचा अभ्यास करतात. व्लादिमिर जॉर्जिएव्ह आणि ग्रोझदेना तोदोरोवा यांनी १९९४ मध्ये तरंगांचे असे समीकरण तपासले, ज्यात एक पद ऊर्जा जिरवते आणि दुसरे पुरवते. शमनाचा घातांक स्रोताच्या घातांकाइतका किंवा अधिक असेल, तर उत्तर कायम टिकते. स्रोत वरचढ असेल आणि सुरुवातीची ऊर्जा पुरेशी ऋण असेल, तर शमन असूनही उत्तर मर्यादित वेळेत अनंताकडे झेपावते. सलीम मेसौदी यांनी २००३ मध्ये हा विचार श्यान-प्रत्यास्थ पदार्थांपर्यंत नेला. कणकेचा गोळा दाबून सोडला की तो हळूहळू आणि अर्धवटच सावरतो. रबर, प्लास्टिक यांनाही आधीच्या ताणाची अशी ‘आठवण’ असते. ही आठवणही ऊर्जा जिरवते, पण स्रोत प्रबळ असेल तर तीही स्फोट टाळू शकत नाही.

ही समीकरणे टॅकोमाच्या पुलाची नव्हेत आणि खरा पूल अनंतापर्यंत हलत नाही. त्याआधीच तो तुटतो. पण प्रश्न तोच आहे. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की चालणाऱ्यांची पावलेच त्याला आडवे झोके देत. तेथे अभियंत्यांनी माणसे चालवून ही मर्यादा मोजली, त्या हिशेबाने शमक बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा सुरू झाला. तो आजही वापरात आहे.

दोन पुलांतला फरक इतकाच, की एका ठिकाणी शमक बसवले आणि दुसऱ्या ठिकाणी आधी हिशेब केला. म्हणून सुरक्षा तपासणीच्या अर्जावर ‘शमक आहे का?’ एवढेच विचारून भागणार नाही. हेलकावा वाढला तर आत येणारी ऊर्जा जास्त वेगाने वाढेल की जिरणारी, हेही तेथे विचारायला हवे. आणि तेही पूल खुला होण्याआधी.