लस अपुरी, रांग लांब : आधी कोण?

लस कमी आणि माणसं जास्त. प्रत्येकाला दोन डोस हवेत. मग हातातल्या शंभर डोसांतून पन्नास जणांना पुरतं संरक्षण द्यायचं, की शंभर जणांना थोडं थोडं? २०२१मध्ये कोविडच्या लसीबाबत हा प्रश्न आला, तेव्हा तो डॉक्टरांचा आणि अधिकाऱ्यांचा मानला गेला. माझ्या मते तो स्त्रीचळवळीचाही प्रश्न आहे.

घडलं ते असं. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं तेव्हा कोव्हिशील्डच्या दोन डोसांमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर होतं. मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झालं आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली तयार होते, असं कारण शासनाने दिलं. त्याला ब्रिटनमधल्या अनुभवाचा आधार होता. पण पुढच्याच दिवशी, १४ मे रोजी, ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी हेच अंतर बारा आठवड्यांवरून आठवर आणलं, कारण तिथे डेल्टा पसरू लागला होता. डेल्टाची लक्षणं दिसणाऱ्या आजारापासून एका डोसाने सुमारे ३३ टक्केच संरक्षण मिळतं, असं तिथल्या आरोग्य यंत्रणेने त्याच महिन्यात सांगितलं.

टंचाईत अंतर वाढवणं चूकच, असं मी म्हणत नाही. गंभीर आजार टाळायला पहिला डोसही उपयोगी पडतो. तेव्हा तो जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवणं न्याय्य असू शकतं. पण मग सरळ सांगायला हवं, की लस कमी आहे म्हणून असं करतो आहोत आणि यात अमुक धोका आहे. मे महिन्यातच महाराष्ट्र शासनाने १८ ते ४४ वयोगटासाठी घेतलेले कोव्हॅक्सिनचे डोस पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवले. निर्णय कटू होता, पण लस नाही हे कारण उघड सांगितलं गेलं. त्यामुळे त्यावर वाद तरी घालता आला.

दुसरा मुद्दा सवलतींचा. जूनमध्ये शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना आणि ऑलिंपिकच्या चमूला २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा मिळाली. त्यांना ती मिळू नये असं नाही. पण रोज चार घरी धुणीभांडी करणाऱ्या किंवा आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईचं काय? तिचं कामही घरी बसून होत नाही. नियम वाकवता येतो, हे जूनमध्ये दिसलं. तो कोणासाठी वाकतो, हे मात्र मागणाऱ्याच्या वजनावर ठरलं.

तिसरा मुद्दा रांगेचा. १ मे रोजी १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरायचा मोबाइल ५४ टक्के बायांकडे होता आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बाया होत्या ३३ टक्के. घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात, तर बाईने नोंदणी करायची कशी? सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा २४ मेला आली. गरोदर बायांना तर लसीची परवानगीच २ जुलैपर्यंत नव्हती.

आता कुपीचं पाहा. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत. ती उघडली की चार तासांत संपवावी लागे. डोस वाया जाऊ नयेत म्हणून नर्सबाई माणसं जमेपर्यंत थांबत. त्यांचं बरोबरच होतं. पण मजुरी आटपून उशिरा पोचलेली एकटी बाई ‘उद्या या’ ऐकून परत जाई आणि तिचा दुसऱ्या दिवसाचा रोजही बुडे. डोस वाचे, पण त्याची किंमत तिच्या हजेरीतून वसूल होई.

मैत्रिणींनो, पुढची साथ आणि पुढची अपुरी लस येईल तेव्हा आपल्या मागण्या आधीच तयार हव्यात. दोन डोसांमधलं अंतर बदललं तर त्याची कारणं आणि धोके मराठीत, साध्या शब्दांत जाहीर व्हावेत. अग्रक्रमाच्या यादीत घरकामगार आणि शुश्रूषा करणाऱ्या बायांची नावं असावीत. प्रत्येक केंद्रावर काही डोस विनानोंदणी येणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी, वस्तीतच लस मिळावी. पहिला डोस घेतलेल्या बाईला दुसऱ्याची तारीख कागदावर लिहून द्यावी आणि ती चुकली तर आशाताईंनी घरी जाऊन विचारावं. या जादा कामाचा मोबदला आशाताईंना मिळायलाच हवा.

लस किती येणार हे आपल्या हातात नसतं. आहे ती कोणाला आधी द्यायची, हे ठरवताना मात्र आपण तिथे असलंच पाहिजे.