आधी खोली द्या, मग बाँड मागा

शिकलेली माणसं गावात टिकत नाहीत, ही ओरड आता बारमाही झाली आहे. उपायही ठरलेले. डॉक्टरांना बाँड लावा, शिक्षकांचा घरभाडे भत्ता कापा, दुर्गम भागासाठी जादा पैसे द्या. आपल्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्तेही तरुणांना समाजाच्या ऋणाची आठवण देतात आणि गावाकडे परत जा म्हणतात. मला या सगळ्यांना एकच विचारायचं आहे. जाऊन राहायचं कुठे?

बाँडचा निकाल तर १९१७ मध्येच लागला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाताना बाबासाहेबांनी परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. तो पाळायला ते बडोद्यात हजर झाले. महाराज अनुकूल होते, नोकरी तयार होती. जागा मात्र कुणी देईना. पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात आली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोन्ही मित्रांनी घरच्या अडचणी सांगितल्या. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीची मुंबईची गाडी धरली. बडोद्याने हा माणूस पगारावरून गमावला नाही, खोलीवरून गमावला. आणि ते खेडं नव्हतं, सुधारक राजाची राजधानी होती!

आज काय वेगळं आहे? मी काम करतो त्या तालुक्यात उपकेंद्रावर आपली एक नर्सताई आहे. अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर. क्वार्टर गळकं, दाराला कडी नाही. गावात खोली विचारायला गेली की आधी आडनाव. त्यावरून कळलं नाही तर 'मूळ गाव कुठलं?' तेवढ्यानं भागलं नाही तर 'तुमच्यात काय काय चालतं?' मग 'घरचे नको म्हणतात.' एक जण तयार झाला, पण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नको म्हणाला. हे सांगताना ती हसत होती. शेवटी तिने तालुक्याला भीमनगरात खोली घेतली आणि रोज एसटीने ये-जा सुरू केली. आता त्याच गावाची तक्रार आहे, बाई रात्री सापडत नाही.

शिक्षकांना तर मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणायला सांगितलं गेलं. म्हणजे खोली नाकारणारेच साक्षीदार. २०२२ मध्ये यावरून राज्यभर वाद पेटला, पण चर्चा फक्त कामचुकार शिक्षक आणि लाटलेल्या भत्त्याची. कामचुकार आहेतच, त्यांची वकिली मी करणार नाही. पण त्या गदारोळात जात हा शब्द किती जणांनी उच्चारला?

माणसं टिकवायची कशी हेही बाबासाहेबांनीच दाखवलं. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय काढलं, तेच आपलं मिलिंद. म. भि. चिटणीसांसारखा माणूस प्राचार्य म्हणून औरंगाबादला आला. पुढे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे तिथे शिकवत होते. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहं उभी राहिली. तिथे राहायला आडनावाची अडचण नव्हती.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मुख्यालयाचा विषय निघाला की आपल्या पोरांनी उठावं. बदलून आलेल्या कुणाकुणाला या गावात खोली मिळाली नाही आणि का, ते इतिवृत्तात लिहा, अशी मागणी करावी. ग्रामसेवक टाळाटाळ करेल. अर्ज लेखी न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.