जाब फक्त खालच्यालाच का?

अमेरिकेतल्या शाळांशी रेल्वे आणि टपाल कामगारांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. ‘कामगिरी दाखवा, नाहीतर घरी जा’ हा जो सूर आज आपल्या कानावर येतो, त्याचा पुरता प्रयोग तिथल्या शाळांवर होऊन गेला आहे. त्याचा निकाल आपण डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे.

८ जानेवारी २००२ रोजी अध्यक्ष बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू नये! हेतू चांगला होता. कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांचे निकाल शाळेच्या सरासरीत झाकले जात, ते वेगळे मांडणे या कायद्याने भाग पाडले. हे श्रेय द्यायलाच हवे. पण अंमलबजावणी कशी झाली? तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताची परीक्षा, आणि २०१३-१४ पर्यंत शंभर टक्के मुले त्यात प्रवीण झालीच पाहिजेत, असे फर्मान निघाले. गरीब मुलांसाठी केंद्राचा निधी घेणारी शाळा वर्षानुवर्षे उद्दिष्ट चुकली, तर शेवटी कर्मचारी बदला किंवा शाळा खासगी व्यवस्थापनाकडे सोपवा!

आणि कायद्यात मंजूर केलेली रक्कम? ती पूर्ण कधी मिळालीच नाही. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेला २००५ साली त्यासाठी कोर्टात जावे लागले. शिक्षा पुरी, पैसा अपुरा!

परिणाम काय झाला? २०११ च्या चौकशीत अटलांटाच्या ४४ शाळांत १७८ शिक्षक व मुख्याध्यापक निकालाच्या फेरफारात गुंतल्याचे आढळले. मुलांची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली जात होती. या लबाडीचे समर्थन कोणतीही संघटना करणार नाही. पण भीतीच्या जोरावर आकडे मागितले की आकडेच मिळतात, शिक्षण मिळत नाही.

२०१० साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या सेंट्रल फॉल्स या गरीब गावी हायस्कूलच्या सर्वच शिक्षकांना काढून टाकण्याचा ठराव झाला. चांगला-वाईट असा भेदच नाही! संघटना लढली, आणि मे महिन्यात करार होऊन शिक्षक परत घेतले गेले. एकजूट नसती तर?

शंभर टक्क्यांचे फर्मान सरकारलाही पेलले नाही. आधी राज्यांना सवलती द्याव्या लागल्या, मग १० डिसेंबर २०१५ रोजी नवा कायदा आला. त्यात राज्यांना मोकळीक आहे, पण केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांपैकी तळच्या पाच टक्के शाळा हुडकून काढणे बंधनकारक आहे. साथींनो, रांग म्हटली की शेवटी कोणीतरी उभा राहणारच! सगळ्या शाळा सुधारल्या तरी तळचे पाच टक्के उरतातच.

आता आपल्याकडे वळू. माझ्या डोळ्यांदेखत एका सेक्शनमध्ये रूळ तुटला. गँगमध्ये मंजूर माणसे चौदा, हजेरीवर नऊ. चार्जशीट मिळाली कोणाला? कीमनला! पाच जागा रिकाम्या ठेवणाऱ्याला कोणी साधा प्रश्नही विचारला नाही. बचत खात्यांचे टार्गेट डोक्यावर घेऊन दारोदार हिंडणाऱ्या डाकसेवकाची कहाणी तरी वेगळी आहे काय?

आम्ही जबाबदारी टाळत नाही. गाडी सुखरूप जावी आणि पत्र वेळेवर पोचावे, यातच आमची इभ्रत आहे. पण उद्दिष्टाचा कागद समोर आला की प्रत्येक शाखेने तीन प्रश्न लेखी विचारावेत : माणसे किती दिली? साधने कोणती दिली? ती दिली नाहीत, तर त्याचा जाब कोण देणार?

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत एकाही कामगाराला एकटे पडू देऊ नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!